रिक्षा, पलीकडे जायला – ३९

आई रोजचा खर्च लिहिते. बाबा होते तेव्हा ते लिहायचे, ते गेल्यावर ती सवय तिने स्वतःकडे घेतली, बहुतेक त्यांचं काहीतरी घरात चालू राहावं म्हणून. वाण्याने दिवाळीत दिलेली डायरी, निळं बॉलपेन आणि तिचं ते शाळेतल्यासारखं गोल गोल अक्षर. मी सहसा त्या डायरीला हात लावत नाही, पण मागच्या महिन्यात इस्त्रीवाल्याचा हिशोब बघायचा होता म्हणून पानं चाळत होते, तर एका गुरुवारी लिहिलेलं दिसलं. कोथिंबीर २०. हार ३०. रिक्षा, पलीकडे जायला – ३९. रिक्षा, येताना – ३४. मला आधी कळेचना की पलीकडे म्हणजे नक्की कुठे. मागचा गुरुवार काढून बघितला, तिथेही तेच. त्याच्या मागचा गुरुवार, तिथेही. एखाद-दुसरा रुपया इकडे तिकडे, पण चार महिने दर गुरुवारी ही बाई पलीकडे जात होती आणि परत येत होती आणि मला पत्ता नव्हता.

संध्याकाळी चहा घेताना विचारलं तर म्हणाली, "पलीकडे म्हणजे पलीकडे गं. भजनाला." आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडच्या या बाजूला, मानपाड्याच्या पुढे, आणि भजनी मंडळ बसतं समोरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. समोरच्या म्हणजे खरोखर समोरच्या, आमच्या बाल्कनीतून त्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या मोजता येतात. पण मध्ये रस्ता आहे. म्हणून रिक्षावाला तिला आमच्या गेटवरून घेतो, सरळ पुढे जातो, पुलाखालून यू-टर्न मारतो आणि समोरच्या गेटवर आणून सोडतो, दोन-सव्वादोन किलोमीटर होतात. मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, मला सांगायचंस ना, मी सोडलं असतं. तर म्हणाली, "तू ऑफिसला असतेस. आणि सोडायचं काय त्यात, मी काय लहान आहे?" मग कप उचलता उचलता, माझ्याकडे न बघता, "एकदा मध्येच अडकले होते गं. डिव्हायडरवर. सिग्नल बदलला आणि मी तिथेच. ट्रक गेला ना बाजूने की कोणी पदर ओढल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून रिक्षा करते."

आता ही माझी आई म्हणजे कोण, तर जिने बावीस वर्षं नौपाड्यातून ठाणे स्टेशनपर्यंत चालत जाऊन लोकल पकडली. सकाळी डबे भरून, आम्हाला दोघांना उठवून, चपला पायात सरकवत निघायची आणि गोखले रोडने सुसाट. तिच्याबरोबर चालायचं म्हणजे मला अर्धं पळायला लागायचं. संध्याकाळी परत येताना जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन, दोन्ही हातांत पिशव्या, तरी तोच वेग. रविवारी आम्ही चौघं तलावपाळीला चालत जायचो, एक फेरी मारायची, भेळ खायची, परत चालत घरी. बस किंवा रिक्षा करायचा विषयच निघायचा नाही. पाहुणे आले, सामान जास्त झालं, घरात कोणी आजारी पडलं तर रिक्षा. चालणं हे काही विशेष करायचं काम आहे असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं, श्वास घेतो तसं माणसं चालायची.

त्या बाईने रस्ता ओलांडायला रिक्षा केली.

मला ते इतकं लागलं की मी रात्री धाकट्या भावाला फोन केला. तो पुण्यात रस्त्यांची डिझाइनं करणाऱ्या एका कन्सल्टन्सीत आहे. त्याला म्हटलं, अरे हा सिग्नल चालणाऱ्यांसाठी किती सेकंद द्यायचा हे ठरवतं कोण? तो म्हणाला, "ताई, त्याचं गणित असतं. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात, मग रस्त्याची रुंदी भागिले १.२, वर थोडे सेकंद." मी विचारलं, आणि आई किती चालते? तो गप्प. मग म्हणाला, "मोजून बघ." दुसऱ्या दिवशी मी खरंच मोजलं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पॅसेजमध्ये टेप लावून खडूने दहा मीटर आखले आणि आईला म्हटलं, नेहमीसारखी चाल, घाई करू नको. तिला काय चाललंय ते कळलं होतं, तरी ती चालली, एक हात भिंतीच्या जवळ ठेवून, उजवा गुडघा जरासा बाहेर टाकत. चौदा सेकंद. परत चालवलं, परत चौदा. म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरपेक्षाही कमी. वॉचमन खुर्चीवरून उठून बघायला लागला, तेव्हा ती म्हणाली, बास आता, लोक बघतायत.

मग मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून. रस्त्याची आमच्या बाजूची रुंदी मी पावलांनी मोजली, साधारण चौदा मीटर भरली. चालणाऱ्यांना मिळत होते पंधरा सेकंद. म्हणजे सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस बारा सेकंदांत आरामात पोचतो, कागदावर काहीही चुकलेलं नाही. आईला लागतात वीस. पाच सेकंद कमी पडतात, बस, पाच. आणि हे झालं अर्धं, नंतर डिव्हायडर, मग दुसरी बाजू. त्यातही पहिले तीन-चार सेकंद तर सिग्नल तोडून शेवटच्या क्षणी घुसणाऱ्या गाड्यांना जातात, ते धरलेच नाहीत मी. त्या दुपारी मी तिथे वीसेक मिनिटं उभी होते. मेट्रोच्या खांबांच्या सावलीचा एक पट्टा रस्त्यावर पडलेला, तेवढ्याच पट्ट्यात माणसं दाटीवाटीने थांबलेली, बाकी ऊन नुसतं. घशाला सिमेंटची धूळ. कंटेनर गेला की पायाखालची जमीन हलते, हे गाडीत बसून कधी कळलं नव्हतं मला. एक मुलगी कडेवर बाळ घेऊन आली, दोन्हीकडे बघितलं आणि पळाली. पळालीच. बाळाची मान हलत होती.

डिव्हायडरजवळ आल्यावर अजून एक गोष्ट दिसली जी इतकी वर्षं दिसली नव्हती. वर चढायला पायरी नाही, उतार नाही, सरळ काँक्रीटची कड, माझ्या गुडघ्याच्या जरा खाली. रस्ते कसे असावेत त्याचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची एक पुस्तिका आहे, आयआरसी १०३, चालणाऱ्यांच्या सोयींसाठीची, आणि ती १९८८ पासून आहे, पुढे २०१२ मध्ये सुधारली, २०२२ मध्ये परत सुधारली. भावाने मला त्यातली पानं पाठवली. फुटपाथची कड दीडशे मिलिमीटरच्या वर नको असं त्यात लिहिलंय, म्हणजे सहा इंच. साध्या राहत्या वस्तीतसुद्धा चालायला निदान १.८ मीटरची मोकळी जागा पाहिजे, समोरून व्हीलचेअर आली तरी दोघांना जाता येईल एवढी. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत बोर्ड, फांदी, तार काही नको. वाचताना मला वाटत होतं की हे कोणीतरी आईला समोर बसवून लिहिलंय. किती बारकाईने विचार केलाय, गुडघ्याचा, काठीचा, बाबागाडीचा. मग खिडकीतून खाली बघितलं. सर्व्हिस रोड मेन रोडमध्ये घ्यायचं काम चालू झाल्यापासून आमच्या गेटबाहेर चालायची जागा म्हणजे गटाराच्या झाकणांची एक ओळ आहे, तीही सलग नाही, मध्ये मध्ये विजेचे डीपी बॉक्स आणि पार्क केलेल्या बाईका.

लोक म्हणतात, पादचारी पूल आहे की. आहे, बराच पुढे. आईला तिथपर्यंत चालत न्यायचं, मग एका बाजूने चाळीस पायऱ्या चढायच्या, पलीकडे चाळीस उतरायच्या, आणि पुन्हा तेवढंच मागे चालत यायचं. मी मोजल्यात पायऱ्या. गाडीला ब्रेकवर पाय ठेवायला लागू नये म्हणून त्र्याहत्तर वर्षांच्या बाईने दोन मजले चढायचे. पूल बांधला की त्याला पादचाऱ्यांची सोय म्हणतात, पण खरी सोय खालून जाणाऱ्याची होते, त्याला आता थांबायलाच लागत नाही. जकार्तामध्ये शहराच्या अगदी मधल्या चौकात, हॉटेल इंडोनेशियाच्या गोलाजवळ असाच पूल होता, तो २०१८ मध्ये आशियाई स्पर्धांच्या आधी पाडला आणि खाली रस्त्यावरच सिग्नल लावून झेब्रा आखला. बटण दाबलं की गाड्या थांबतात. मी त्याचे फोटो बघत बसले होते रात्री. ऑफिसातली माणसं, शाळेची पोरं, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, सगळी सपाट रस्त्यावरून चालतायत आणि गाड्या थांबल्यात. बाकी काही नाही त्या फोटोत.

असं काही डोक्यात बसलं की मला झोप लागत नाही, मग मी वाचत बसते. आणि वाचता वाचता कळत गेलं की आपल्याकडे धोरणांची कमतरता अजिबात नाहीये. २००६ चं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की रस्त्याची जागा वाहनांना नाही, माणसांना वाटायची. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा १९८ अ हे कलम आलं, रस्त्याच्या डिझाइनचे किंवा देखभालीचे नियम पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. त्याच दुरुस्तीत राज्यांना चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी नियम करायचा अधिकार दिला. कोइम्बतूरचे हाडांचे डॉक्टर एस. राजशेखरन, ज्यांनी आयुष्यभर मोडलेली माणसं जोडली, ते २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले, आणि त्याच केसमध्ये मे २०२५ मध्ये कोर्टाने म्हटलं की विनाअडथळा फुटपाथ वापरायला मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ऑक्टोबरमध्ये राज्यांना सांगितलं, सहा महिन्यांत नियम करा. मी ते वाचलं तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते आणि मला खरंच आईला उठवून सांगावंसं वाटलं. तेरा वर्षं लागली हे म्हणायला की माणसाला चालायला जागा पाहिजे. पण म्हटलं तरी, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने म्हटलं.

मग आकडे. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. दर पाचातला साधारण एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने रस्त्यावरच्या दर १०० मृत्यूंपैकी ९२ आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. ही माणसं कोणीतरी मोजली, त्यांच्यासाठी परिषदा झाल्या, धोरणं झाली, आणि व्हायलाच पाहिजेत. पण मला राहून राहून वाटत होतं की आई ह्या कुठल्याच रकान्यात नाही. तिला काही झालं नाही. तिला खरचटलंसुद्धा नाही. ती फक्त रस्त्यावर जायची थांबली. उद्या कोणी आमच्या चौकाचा सर्व्हे केला तर तिथे म्हाताऱ्या माणसांचे अपघात नाहीत असं निघेल, आणि ते खरंही असेल, कारण म्हातारी माणसं तिथे येतच नाहीत. आमच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, फक्त तुमच्या आई नाहीत, दिवसाला दोन-तीन जण असतात पलीकडेवाले. एक आजोबा तर बँकेत पासबुक भरायला जातात." त्याने शब्दसुद्धा करून टाकलाय, पलीकडेवाले.

यांना कोण मोजणार?

आणि ज्यांच्याकडे ३९ रुपये नसतात ते? ते घरीच बसत असणार.

बाबांना मात्र मोजलं जायचं, सायकलवरून. त्यांच्या काळ्या सायकलला पितळेचा बिल्ला होता, वर्षाला पैसे भरून मिळायचा, त्यावर नंबर. ते वागळे इस्टेटमध्ये कामाला, नौपाड्यातून तीन हात नाक्यावरून सायकलने जायचे, आणि सकाळच्या पाळीला त्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा असायचा, शेकड्याने, कॅरियरला डबा, पँटच्या पायाला क्लिप. कंपनीच्या आत सायकलींसाठी पत्र्याची शेड, भोंगा वाजला की तिकडे घंट्यांचा एकच आवाज. मला ते शाळेला सुट्टी असली की पुढच्या दांड्यावर बसवायचे, टॉवेल गुंडाळून, आणि संध्याकाळी डायनॅमो टाकला की दिव्याचा पिवळा ठिपका रस्त्यावर आमच्या पुढे पुढे पळायचा, चढ आला की मंद, उतार लागला की झगझगीत. दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचे, डबलसीट दिसलं तरी धरायचे. त्रास वाटायचा तेव्हा त्याचा, बाबा कुरकुरायचे. आता वाटतं, त्या त्रासात सायकलवाला हा रस्त्यावरचा एक वाहनचालक आहे हे तरी मान्य होतं. त्याचा नंबर होता, त्याचे नियम होते. पुढे बिल्ले बंद झाले, कंपन्या बंद झाल्या, बाबांची सायकल जिन्याखाली गंजत राहिली आणि आम्ही घर बदललं तेव्हा भंगारवाल्याकडे गेली. बिल्ला काढून ठेवायला पाहिजे होता. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सायकली गेल्या असं आपण म्हणतो पण त्या गेलेल्या नाहीत, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. २०११ च्या जनगणनेत कामाला कसे जाता हे विचारलं होतं, शेतीबाहेर काम करणाऱ्यांना, त्यात साडेचार कोटी लोक चालत जात होते आणि अडीच कोटींहून जास्त सायकलने. आमच्याकडे सकाळी साडेपाचला पाववाला येतो सायकलवर, वॉचमन रात्रपाळी संपवून उलट्या दिशेने कडेकडेने जातो, कारण सरळ जायचं तर त्यालाही तो दोन किलोमीटरचा फेरा आहे. शनिवार-रविवारी हेल्मेट, चष्मे, चमकदार कपडे घातलेली मंडळी येऊरकडे नाहीतर वाशीकडे पाम बीचला निघतात, त्यांचं मला कौतुकच आहे, पण धोरण करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर सायकलवाला म्हटलं की हीच मंडळी येतात असं वाटतं. मुंबईत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, मोठा खर्च करून सायकल ट्रॅक केला होता, तिथे राहणारं फारसं कोणी नाही, दोन्ही टोकांना पुढे ट्रॅकच नाही, मग तो ओस पडला आणि २०२५ मध्ये तोच काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. ट्रॅक वापरत नाहीत म्हणे लोक. पाववाल्याला त्याच्या बेकरीपासून आमच्या गेटपर्यंतचा रस्ता पाहिजे होता, तो कोणी विचारला नाही. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तर मुलींचं हायस्कूलला जाण्याचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलं. ती योजना चालली कारण ती मुलगी कुठून निघते आणि कुठे पोचते हे कोणीतरी आधी डोळ्यासमोर आणलं होतं.

नैरोबीने २०१५ मध्ये ठरवलं की रस्त्यांच्या बजेटमधले २० टक्के चालणाऱ्यांवर आणि सायकलवाल्यांवर खर्च करायचे. आपल्या चेन्नईने त्याच्या एक वर्ष आधी ६० टक्के म्हटलं होतं. साठ! ठरवणं आणि खर्च करणं यात केवढं अंतर असतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको, तिथेही सगळं जमलेलं नाही, पण बजेटमधला हिस्सा लिहून ठेवला की निदान विचारता तरी येतं, कुठे गेले म्हणून. कोलंबियातल्या बोगोतामध्ये एन्रिके पेन्यालोसा १९९८ मध्ये महापौर झाले आणि त्यांनी फुटपाथवर पार्क होणाऱ्या गाड्या हटवल्या, तिथे ठोकळे बसवले, तेव्हा गाडीवाले इतके खवळले की त्यांना खुर्चीवरून काढायची मोहीमच सुरू झाली. ते टिकले. मला त्या ठोकळ्यांपेक्षा ते संतापलेले लोक जास्त आठवतात, कारण ते मला ओळखीचे वाटतात.

आणि दार एस सलाममधली एक गोष्ट तर माझ्या डोक्यातून जातच नाही. टांझानियात अमेंड नावाची संस्था शाळांभोवती काम करते, मुलं घरून शाळेत नक्की कुठून चालत येतात ते बघते आणि मग छोट्या छोट्या गोष्टी करते. गतिरोधक, झेब्रा, चालायला पट्टा, खांब. आणि काही ठिकाणी शाळेचं गेट मोठ्या रस्त्यावर उघडत होतं ते बंद करून बाजूच्या शांत गल्लीत काढलं. माझी शाळा नौपाड्यात होती आणि तिला दोन गेटं होती, एक मोठ्या रस्त्यावर, एक मागे बोळात. मोठ्या रस्त्यावरचं पाहुण्यांसाठी आणि १५ ऑगस्टला उघडायचं, आम्ही पोरं कायम मागच्या बोळातून. लहानपणी मला ते अपमानाचं वाटायचं, पुढचं गेट आमचं का नाही म्हणून. कुठल्यातरी मुख्याध्यापकांनी कधीतरी उभं राहून, बघून ते ठरवलं असणार, हे कळायला मला आत्ता, पन्नाशीजवळ, टांझानियाबद्दल वाचायला लागलं.

मी गाडी चालवते, हे लिहायला पाहिजे. मला घोडबंदर रोडवर सकाळी पावणेनऊला मोकळा रस्ता पाहिजे असतो, मेट्रो लवकर व्हावी असं वाटतं, पूल व्हावेत असं वाटतं, आणि मध्येच कोणी हात दाखवत रस्त्यात उतरलं की माझ्या तोंडून काय निघतं ते मला माहीत आहे. झेब्र्यावर पुढची चाकं नेऊन मी कितीतरी वेळा उभी राहिलेय. २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जगभरातल्या मंत्र्यांची परिषद झाली, तिथे ठरलं की जिथे गाड्या आणि चालणारी माणसं एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० च्या वर नको, कारण तेवढ्या वेगाने धक्का लागला तर बहुतेक माणसं वाचतात आणि ताशी पन्नासच्या पुढे ती शक्यता झपाट्याने कमी होत जाते. मी एकदा आमच्या चौकातून ठरवून तीसने गेले. मागच्याने इतके हॉर्न मारले की मला घाम फुटला, आणि चौक ओलांडल्यावर मी पाय दाबला. चौकात थांबलेल्यांत त्या दिवशी कोण कोण होतं ते मी बघितलंसुद्धा नाही, आरशात मागचा बघत होते.

गेल्या गुरुवारी मी हाफ डे टाकला. आईला म्हटलं, आज चालत जाऊ. ती लगेच नाही म्हणाली. मग देवासमोर दिवा लावला, हिरवी साडी नेसली, टाळांची पिशवी घेतली आणि म्हणाली, चल. कडेला उभे राहिलो तेव्हा तिने माझा हात धरला नाही, मनगट धरलं, लहानपणी मी जत्रेत तिचं धरायचे तसं. सिग्नल लागला. मी गाड्यांच्या बाजूने राहून हात वर केला. तिचे पाय मला ऐकू येत होते, चप्पल जराशी घासत होती, आणि मी मनात आकडे मोजत होते, दहाला आम्ही निम्म्यावर, पंधराला डिव्हायडर अजून चार-पाच पावलं, आणि बाईकवाले पुढे सरकायला लागले. एक शाळकरी मुलगा ॲक्टिव्हाच्या मागे बसला होता, त्याने पुढच्याच्या खांद्यावर थापटी मारून त्याला थांबवलं. कडेवर चढताना तिने आधी गुडघ्यावर हात ठेवला, मग माझ्या खांद्यावर. वर मेट्रोच्या खांबाला टेकून आम्ही उभे राहिलो. आमच्याबरोबर तिथे एक माणूस सायकल उचलून डिव्हायडरवर चढवत होता, मागे पाण्याचे दोन जार बांधलेले. आईने पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढे होऊन त्याच्या सायकलीचं मागचं चाक धरलं, मी काही बोलायच्या आत. चाक वर आलं. तो म्हणाला, "राहू द्या मावशी." ती म्हणाली, "अहो जड आहे ते." ट्रक गेला, तिचा पदर उडाला, तिने तो दातात धरला आणि चाक सोडलं नाही.

दुसरा सिग्नल लागायला किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. पलीकडे पोचलो, हॉलच्या दारात तिच्या मैत्रिणींनी विचारलं, आज रिक्षा नाही वाटतं, तर ती नुसती हसली. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. भजन संपलं तेव्हा अंधारलं होतं, रस्त्यावर दिव्यांची नुसती रांग, आणि गेटवर येऊन तिने एकदा त्या रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "आता नको गं." मी रिक्षाला हात केला.

रात्री ती झोपल्यावर मी डायरी उघडली. कोथिंबीर २०, हार ३०. खाली लिहिलं होतं, पलीकडे जायला – चालत. आणि त्याच्या खाली, रिक्षा, येताना – ३४.